‘गोपनीय’चा फोन आणि लॅपटॉपमधली पत्रं

डिसेंबर संपत आला की सोलापुरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये भीमा कोरेगावला जाणाऱ्या गाड्या ठरू लागतात. मिलिंदनगरात, थोरल्या राजवाड्यात डिझेलची वर्गणी निघते, पोळीभाजी कोण करणार ते ठरतं. त्याच आठवड्यात कार्यकर्त्यांना एक फोन हमखास येतो. पोलीस ठाण्यातलं गोपनीयचं काम पाहणारा ओळखीचा कर्मचारी असतो. “जयभीम ताई. यंदा किती गाड्या? पुढारी कोण? परत कधी?” बोलणं अदबीचं असतं. आपण सांगतोही, कारण लपवण्यासारखं काही नसतं.

या फोनचा मला राग नाही. लाखो लोक एका ठिकाणी जमणार असतील, तर प्रशासनाला आकडा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत जे घडलं, त्यानंतर गुप्तवार्ता नकोच असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. ही माहिती कुठे जाते, तिच्यावर कोणता शेरा पडतो, आणि तो शेरा चुकीचा असेल तर खोडायला आपण कुणाकडे जायचं? आणि माहिती गोळा करणारा हात उद्या माहिती ‘ठेवू’ लागला, तर त्याला अडवणार कोण?

पाळत आपल्याला नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली याच सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली आणि जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची रोज हजेरी घेतली गेली. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. बाबासाहेबांच्या सभांनाही ब्रिटिशांचे गुप्त पोलीस हजर असत. कोण काय बोललं याची टिपणं मुंबई इलाख्याच्या गुप्त गोषवाऱ्यांत जात. गंमत म्हणजे ही टिपणं आज आपल्याच इतिहासाचं साधन झाली आहेत. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीविषयीच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यात वर्तमानपत्रांतल्या बातम्यांबरोबर ही गुप्त टिपणंही आहेत. पोलिसांनी आपल्यावर नजर ठेवायला लिहिलेला कागद आपल्या पोरांना अभ्यासाला मिळाला, कारण तो खुला झाला. आजच्या फायली कधी खुल्या होतील का, हे सांगणारी ठोस व्यवस्था आपल्याकडे नाही.

आता मुद्द्याच्या प्रकरणाकडे येऊ. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जाणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात एल्गार परिषदेविरुद्ध गुन्हा नोंदला गेला आणि तपासाची दिशाच फिरली. ६ जूनला सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत आणि रोना विल्सन यांना अटक झाली, २८ ऑगस्टला आणखी पाच जणांना. दगड खाल्ले कुणी आणि तुरुंगात कोण गेलं, हा हिशोब आपल्याला तोंडपाठ आहे. तो इथे पुन्हा मांडत नाही. मला बोलायचं आहे ते पुराव्याबद्दल.

या खटल्याचा कणा म्हणजे काही पत्रं. ती टाइप केलेली होती आणि लॅपटॉपमध्ये सापडली असं सांगण्यात आलं. रोना विल्सन यांच्या वकिलांनी हार्ड डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल न्यायवैद्यक संस्थेकडे तपासायला दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अहवालात त्यांनी नोंदवलं की १३ जून २०१६ ला, वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून आलेल्या एका मेलमधली फाईल उघडल्यावर, नेटवायर नावाचं व्हायरससारखं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये शिरलं. ते खातं दुसराच कुणीतरी वापरत होता. त्यानंतर जवळपास बावीस महिने, म्हणजे एप्रिल २०१८ मध्ये पोलिसांनी लॅपटॉप जप्त करेपर्यंत, त्याचा ताबा बाहेर बसलेल्या माणसाकडे होता. त्याने एक लपवलेलं फोल्डर तयार केलं आणि पत्रं त्यात ठेवली. ती पत्रं त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याची खूण सापडली नाही. काही पत्रं वर्डच्या ज्या नव्या आवृत्तीत बनवलेली होती, ती आवृत्ती विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच. तिथे २००७ ची जुनी होती. हा शेवटचा तपशील मी आपल्या पोरांना मुद्दाम सांगते, कारण तो समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

पुढे गडलिंग यांच्या संगणकाबद्दल असाच अहवाल आला. डिसेंबर २०२२ मध्ये फादर स्टॅन स्वामींच्या संगणकाबद्दल आला, तो सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारा आहे. १२ जून २०१९ ला संगणक जप्त झाला, आणि आदल्याच दिवशी, ११ जूनला, घुसखोराने आपल्या पाऊलखुणा पुसायला सुरुवात केली होती, असं आर्सेनलचं म्हणणं. उद्या जप्ती होणार हे त्याला कसं कळलं? हे वाचायला स्वामी नव्हते. पार्किन्सनचा रुग्ण असलेला हा ८४ वर्षांचा माणूस ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात गेला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. सरकारी प्रयोगशाळेला असं सॉफ्टवेअर सापडलं नाही, अशी तिची भूमिका आहे. आर्सेनलने हे काम कुणी केलं त्याचं नाव घेतलेलं नाही. सेंटिनलवन या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांचा हवाला देऊन वायर्ड मासिकाने जून २०२२ मध्ये बातमी दिली, की घुसखोरी झालेल्या काही ईमेल खात्यांना जोडलेला पर्यायी पत्ता आणि नंबर पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याशी जुळतो. हा आरोप आहे, न्यायालयात सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण तो तपासायचा तरी कधी? जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने विल्सन आणि ढवळे यांना जामीन दिला, तेव्हा अटकेला साडेसहा वर्षं झाली होती, साक्षीदार तीनशेच्या वर होते आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

कळीचा मुद्दा मला इथे दिसतो. यूएपीएच्या कलम ४३ ड (५) मध्ये आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर जामीन द्यायचा नाही असं आहे. २०१९ च्या वटाली निकालानंतर जामिनाच्या वेळी पुराव्याची खोलवर छाननी करायची नाही, असा अर्थ रूढ झाला. म्हणजे पत्र खरं आहे की पेरलेलं, हा प्रश्न खटला उभा राहीपर्यंत विचारायचाच नाही, आणि खटला उभा राहायला सात-आठ वर्षं. मग पत्र न्यायालयात टिकण्याची गरजच कुठे उरते? ते सापडलं एवढं पुरेसं आहे. पुढे जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचं वजन वरवर तरी पाहावं लागेल असं म्हटलं, तेव्हा दार थोडं किलकिलं झालं.

आनंद तेलतुंबडे सरांचं उदाहरण घ्या. १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, त्यांना यंत्रणेपुढे हजर व्हावं लागलं. १८ नोव्हेंबर २०२२ ला उच्च न्यायालयाने जामीन देताना दहशतवादी कृत्याची कलमं सकृतदर्शनी लागू होत नाहीत असं सांगितलं. ते बाहेर आले २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी. मधले अडीच वर्षांहून जास्त दिवस कोण परत देणार?

या सगळ्याबरोबर दुसरं एक काम चाललं होतं. ३१ ऑगस्ट २०१८ ला पोलीस अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन ही पत्रं वाचून दाखवली. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना पोलीस असं कसं करू शकतात, असं मुंबई उच्च न्यायालयाने तीनच दिवसांत विचारलं. २८ सप्टेंबरच्या आपल्या वेगळ्या निकालपत्रात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनीही त्यावर कडक आक्षेप घेतला. तोवर चॅनलांनी ‘अर्बन नक्षल’ हा शब्द घराघरात पोचवला होता. आपल्याच नात्यातल्या नोकरदार माणसांनी आंबेडकरी कार्यक्रमांची पोस्ट शेअर करणं बंद केलं, हे मी स्वतः पाहिलं. माझ्या मते गुप्ततेचा खरा उपयोग इथे आहे. आरोपीला स्वतःच्या हार्ड डिस्कची प्रत मिळवायला न्यायालयात झगडावं लागतं, आणि तोच मजकूर संध्याकाळी टीव्हीवर असतो. कागद गुप्त ठेवायचा की फोडायचा, हे दोन्ही एकाच टेबलावर ठरतं.

आपल्या देशात गुप्तवार्ता विभागाची मुळं १८८७ पर्यंत जातात, पण त्याचे अधिकार ठरवणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणलं, ते पुढे गेलं नाही. माहिती अधिकाराच्या कलम २४ ने गुप्तवार्ता विभाग, रॉ आणि राष्ट्रीय तपास यंत्रणा वगळल्या आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन हे अपवाद आहेत. ते अपवाद आपण फारसे वापरत नाही, ही चूक आपली. पेगाससच्या वेळी ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला दरवेळी मोकळीक मिळणार नाही. समिती नेमली. २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही अशी नोंद झाली. विषय तिथेच थांबला. त्यात आता महाराष्ट्राचं विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. संघटनाच बेकायदेशीर ठरवण्याचे त्यातले अधिकार वाचले की वर सांगितलेल्या पत्रांची आठवण येते.

हे फक्त भारतातच होतं असं नाही. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ज्यांच्यावरून दलित पँथर हे नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्प्टनला ४ डिसेंबर १९६९ ला शिकागोत पोलिसांनी झोपेत मारलं. घराचा नकाशा एफबीआयला त्याच्याच संघटनेतल्या खबऱ्याने दिला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४ मध्ये बदनामीची टेप आणि निनावी पत्र पाठवणारी एफबीआयच होती. फरक एवढाच की १९७५ मध्ये तिथल्या सिनेटच्या चर्च समितीने हे सगळं उघड्यावर मांडलं. आपल्याकडे अशी समिती नाही.

आणि आपल्या परंपरेत तर ही गोष्ट फार जुनी आहे. महापरिनिब्बान सुत्ताच्या सुरुवातीला अजातशत्रूचा मंत्री वस्सकार वज्जींवर स्वारी करावी का हे चाचपायला तथागतांकडे येतो, आणि तथागत वज्जींच्या सात अपरिहानीय धम्मांबद्दल बोलतात. वज्जी एकत्र जमतात, एकत्र निर्णय घेतात, तोवर ते हरणार नाहीत. पुढची कथा अट्ठकथेत आहे. वस्सकार देशातून हाकलल्याचं सोंग करून वैशालीत राहायला गेला. एका लिच्छवीला बाजूला घेऊन काहीतरी क्षुल्लक विचारायचा. दुसरा विचारायचा, काय म्हणाला? पहिला खरं ते सांगायचा, दुसऱ्याला ते पटायचं नाही. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका रस्त्याने चालेनासे झाले आणि नगाऱ्यावर टिपरी पडली तरी कुणी जमलं नाही. आपले गटातटाचे व्हॉट्सॲप ग्रुप पाहिले की मला वैशाली आठवते. अर्थात दर भांडणामागे सरकारी खबरी शोधायची सवयही वाईटच. ‘तो त्यांचा माणूस आहे’ एवढ्या एका वाक्याने चांगले कार्यकर्ते घरी बसलेत. वस्सकार मनात बसवला की बाहेरच्याची गरज राहत नाही.

म्हणून उलट गुप्त व्हायचं, कोडवर्डमध्ये बोलायचं, असं काही तरुण म्हणतात ते मला पटत नाही. तथागतांनी आनंदांना सांगितलं होतं की आचार्यमुष्टी, म्हणजे हातचं राखून ठेवलेली शिकवण, त्यांच्याकडे नाही. आपली चळवळ चवदार तळ्यापासून उघड्यावर झाली. हिशोब, ठराव, निवेदनं उघडी ठेवावीत. जपायचं ते साधन. ओळखीच्या माणसाकडून आलेली फाईलसुद्धा फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये, कारण विल्सन यांच्या बाबतीत नेमकं तेच घडलं. सभासदांचे आधार नंबर आणि जातीचे दाखले ग्रुपवर टाकू नयेत. फोन आणि लॅपटॉप अपडेट ठेवावेत.

आणि जप्तीची वेळ आलीच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडतीचं दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्यायची. हॅश व्हॅल्यू मागायची. हा हार्ड डिस्कच्या मजकुरावरून निघणारा आकड्या-अक्षरांचा लांब ठसा असतो. आत एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो. भीमा कोरेगाव खटल्यात बचाव पक्षाचा एक आक्षेप हाच होता, की जप्तीच्या वेळी हा ठसा दिला गेला नाही. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो आकडा लिहिलाय का, एवढं घरातल्या आईला किंवा बहिणीलाही विचारता आलं पाहिजे, कारण दार ठोठावलं जातं तेव्हा बऱ्याचदा त्याच घरी असतात.