टिंबाची अ‍ॅलर्जी

सदिशांची बेरीज ‘+’नेच लिहावी, त्यासाठी जावासारखी कंसांत कंसांची माळ नको, याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्या चिन्हानं गुपचूप काय काय करायचं याबद्दल.

मॅटलॅबमध्ये ‘*’ म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार, ‘.*’ म्हणजे घटकाला घटक. नमपायमध्ये ‘*’ घटकाला घटक. मॅट्रिक्ससाठी ‘@’ मिळायला २०१५चं पायथन ३.५ उजाडावं लागलं. असो, हा सवयीचा भाग. पण नमपायमध्ये मापं जुळत नसली, तरी जमेल तिथे साधी वजाबाकीसुद्धा अ‍ॅरे परस्पर ताणून घेते. समजा, अंदाज १०००×१च्या कॉलममध्ये आहेत आणि खरी उत्तरं १००० लांबीच्या साध्या अ‍ॅरेत. वजा करा. १००० फरकांऐवजी दहा लाख आकड्यांचा तक्ता हाती येतो! त्यांच्या वर्गांची सरासरी काढली की एक गोंडस आकडा मिळतो, दशांशासकट. एरर नाही, वॉर्निंग नाही. मॉडेल बिचारं त्यावरच शिकत बसतं.

ज्युलियात कॉलममधून आडवी ओळ साध्या ‘-’ने वजा करायला जा, तिथेच अडवलं जातं. ताणायचंच असेल तर ‘.-’ लिहा, वाचणाऱ्यालाही ते दिसतं. यावर ‘टिंबांनी कोड गचाळ होतो’ ही तक्रार ठरलेली. अहो, ‘मद’ आणि ‘मंद’ यांत तरी दुसरा काय फरक आहे? शिवाय ओळीच्या सुरुवातीला ‘@.’ लिहिलं की टिंबं आपोआप लागतात. तेही नको असेल, तर निदान वजाबाकीआधी दोन्ही अ‍ॅरेंची मापं छापून बघत जा.