बूच कोणाच्या गळाला?

‘स्टारड्यू व्हॅली’ या २०१६ सालच्या व्हिडिओ गेममध्ये मासेमारी हे हाताचे कसब आहे. मासा गळाला लागला की पडद्यावर हिरवी पट्टी दिसते. वरखाली पळणारा मासा त्या पट्टीत राखायचा. फार वेळ निसटला तर गेला! साध्या आमिषाने मासा लवकर लागतो, एवढेच. बुचाचे तरंड लावले तर मात्र पट्टीच लांबते. पण ते ज्या काठीला बसते ती दुकानात मिळते सहाव्या पायरीनंतर, ७,५०० नाण्यांना. तोवर कसबाबरोबर पट्टीही वाढलेली असते. नवशिक्यासाठी २५ नाण्यांची काठी आहे खरी. तिची पट्टी मोठी, पण तिला लागतात ते साधेच मासे.

हा न्याय खेळापुरता असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. ग्रंथालयातून जादा पुस्तके मिळतात ती गुणवत्ता यादीतल्यांना. घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्याला सल्ला मिळतो, ‘गाईड वाच, पास होशील.’ म्हणजे पट्टी मोठी, मासा साधा!

भोपळा बांधतात तो पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला, पट्टीच्या पोहणाऱ्याच्या नव्हे. मदत द्यायची तर पहिल्याच पायरीवर द्यावी, आणि तीही मोठ्या माशासाठी.