भिंत फोडण्याआधी

जुन्या घराचं स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरात आधी बोलणं सुरू होतं ते टाइल्सचं, रंगाचं आणि ट्रॉल्यांचं. साहजिकच आहे, रोज डोळ्यांना तेच दिसणार असतं. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतीत खरा खर्च आणि खरा धोका भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली असतो. गंजलेले जीआय पाइप, अर्थिंग नसलेली वायर, झिरपणारी मोरी. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की, जो कॉन्ट्रॅक्टर घर न बघता फोनवरच चौरस फुटाचा भाव सांगतो, त्याला काम देऊ नका. भाव कितीही कमी असो.

कामातला जाणता माणूस घरी आला की आधी नळ सोडून पाण्याचा जोर बघतो. मेन बोर्ड उघडायला लावतो. खालच्या मजल्यावरच्यांचं छत दाखवता का, असं विचारतो. आणि भिंतींची जाडी मोजतो. या शेवटच्या गोष्टीवर मला जास्त बोलायचं आहे.

पुण्या-नाशकातल्या आणि लहान गावांतल्या जुन्या दुमजली-तिमजली इमारतींपैकी पुष्कळ लोडबेअरिंग आहेत. त्यांत कॉलम नसतात. विटांच्या 9 इंची भिंतीच स्लॅबचा भार पेलतात. आता हौस असते ती हॉल आणि स्वयंपाकघर एक करण्याची. 'एवढी भिंत काढू, काही होत नाही', असं मिस्त्री सहज बोलून जातो. कृपा करून त्याच्या शब्दावर जाऊ नका. ती भिंत तुमच्या घरात असली तरी वरच्या मजल्यावरची माणसं तिच्यावर जगत असतात. साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा नुसत्या आडोशाची असते, पण तेही अंदाजाने ठरवायचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्याचं मत कागदावर घ्या. सगळ्या कामाच्या मानाने त्याची फी थोडी असते. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. ते झालं असेल तर अहवाल सचिवांकडे मागा, तो तुमच्या उपयोगाचा आहे. झालं नसेल तर तो विषय पुढच्या सभेत काढा. आरसीसी इमारत असली तरी बीम आणि कॉलमला हात लावू द्यायचा नाही. चिमणीचा 6 इंची पाइप बाहेर काढायला बीमला भोक पाडलेली घरं आहेत. खिडकीतून वाट काढता येत असताना हे करायची काय गरज?

पाण्याच्या बाबतीत अर्धवट काम कधी करू नका. जुन्या जीआय पाइपचा एक तुकडा कापून आतून बघा. गंजाने तो निम्मा बुजलेला असेल, तर त्याच्या तोंडाला नवा महागडा नळ लावून धार वाढणार नाही. लाइन बदलायची तर स्वयंपाकघरापुरती पूर्ण बदला. मोरी काढून तिथे वॉशिंग मशीन ठेवायचा बेत असेल तर जुना कोबा फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करून घ्या. टाइल्स बसवण्याआधी तिथे पाणी साठवून 48 तास तसंच ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांचं छत दोन वेळा स्वतः जाऊन बघा. कॉन्ट्रॅक्टर घाई करेल, तुम्ही करू नका. टाइल्सखालून गळती सापडली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं आणि शेजार तुटतो तो वेगळाच.

वायरिंगचं तसंच. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी जवळजवळ 9 अँपिअर करंट ओढते. तिच्या जोडीला मायक्रोवेव्ह आणि गीझर आले की जुनी बारीक वायर आतल्या आत तापते. मोठ्या उपकरणांना वेगवेगळ्या लाइन, चालू अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), एवढं तरी मागाच. पाइपचा गॅस असेल तर ती लाइन गॅस कंपनीच्या माणसांकडूनच हलवून घ्या, प्लंबरकडून नव्हे.

मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये मिळालेल्या कोटेशनमध्ये फोडाफोडी, प्लंबिंग, वायरिंग आणि राडारोडा उचलणं बहुधा नसतं. मग शोरूमचा सुतार, तुमचा गवंडी आणि कुणीतरी आणलेला प्लंबर अशा तिघांत काम वाटलं जातं. सिंकखाली पाणी दिसलं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. शक्यतो सगळं काम एकाच्या अंगावर द्या. ते जमत नसेल तर कुणी कुठे थांबायचं आणि दुसऱ्याने कुठून सुरू करायचं, हे कागदावर उतरवा.

त्या कागदाबद्दल थोडं. काम मजुरीवर आहे की मटेरियलसकट, हे पहिल्या ओळीत हवं. वायर, पाइप आणि प्लायवूड कोणत्या कंपनीचं, कोणत्या जाडीचं, तेही लिहा. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 चा शिक्का असलेलं प्लायवूडच घ्या आणि तो शिक्का कापाकापीआधी बघा. वाढीव कामाचा भाव आधी लिहून सही झाल्याशिवाय ते काम सुरू होणार नाही, असंही लिहा. जुन्या घरात वाढीव काम निघतंच आणि भांडणं त्यावरूनच होतात. अर्धे पैसे आधी देऊ नका. सुरुवातीला थोडी उचल, मग एकेक टप्पा पूर्ण झाल्यावर हप्ता, आणि निदान दहावा हिस्सा स्वयंपाकघर महिनाभर वापरून झाल्यावर. उरलेला हिस्सा मात्र ठरल्या दिवशी, न मागता द्या. ज्यांनी धुळीत टाइल्स कापल्या त्यांची मजुरी त्यावर अवलंबून असते. त्यांना मास्क, प्यायला पाणी आणि हात धुवायला जागा देणं हे घरमालकाचंच काम आहे.

आणि ओट्याची उंची. ती कॉन्ट्रॅक्टरने ठरवायची नाही, घरातल्या मोठ्या आवाजाच्या माणसानेही नाही. ओट्यापाशी जो रोज उभा राहतो त्याने ठरवायची. चप्पल घालून सरळ उभं राहा, हात कोपरात वाकवा, कोपराच्या 10 ते 15 सेंटीमीटर खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. पोळ्या लाटायला आणखी थोडं खाली बरं पडतं. सासूबाई आणि सूनबाई दोघी स्वयंपाक करत असतील तर दोघींना विचारा. आयुष्यभर कमी उंचीच्या ओट्यावर वाकून पाठ धरलेल्या किती बायका आपल्या घरांत आहेत! त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

काम गणपतीनंतर काढून दिवाळीला नवं स्वयंपाकघर हवं, असा हट्ट धरू नका. घाईत प्लास्टर नीट सुकत नाही आणि प्रत्येक जण आधीच चार ठिकाणी गुंतलेला असतो. दिवाळी झाल्यावर सुरू करा, म्हणजे होळीला कारागीर गावी जाण्याआधी आटोपेल.

'बिल नको, स्वस्तात करून देतो', याला हो म्हणू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही. पण तिथे हातात काहीतरी कागद लागतो. आधी विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

भिंत बुजवण्याआधी आतल्या प्रत्येक पाइपचा आणि वायरचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. ते फोटो, बिलं, करार आणि इंजिनिअरचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा. उद्या घर विकलंत तर किल्ल्यांबरोबर ती फाइलही नव्या माणसांच्या हाती द्या.