उसाचे बेणे पारखता, मग कोंबडीचे का नाही?



या पानावर मी आजवर बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयीच लिहीत आलो. आजचा विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. तो आहे परसातल्या कोंबड्यांचा. ऊस विकास अधिकाऱ्याला कोंबड्यांशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण आडसाली लागणीच्या नोंदीला गेलो असता एका वस्तीवर मालक शेतात होते आणि सोप्यात बसलेल्या मावशी मला म्हणाल्या, "साहेब, उसाचं तुम्ही आन् मालक बघा. माझी पस्तीस पाखरं आठ दिसांत गेली, त्याला काय औषध हाय का तेवढं सांगा."

औषध नव्हते. हिरवट हगवण, गळालेले पंख आणि पिळवटलेली मान, ही सारी लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची दिसत होती. हा रोग एकदा खुराड्यात शिरला की त्यावर इलाज नाही. विचारता विचारता समजले की, आठवड्यापूर्वी बाजारातून दोन तलंगा आणल्या होत्या आणि त्याच संध्याकाळी त्या घरच्या कोंबड्यांत सोडल्या होत्या. मावशींना दोष देण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हौसेने एक तुऱ्याचा देखणा कोंबडा बाजारातून आणला आणि घरची पंधरा पाखरे पंधरवड्यात घालवून बसलो. शेती शिकलेल्या माणसाने असे करावे, याची लाज आजही वाटते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की उसाच्या बेण्याला आपण जो विचार देतो तो कोंबडीच्या बेण्यालाही द्यावा. लागणीसाठी आपण ९ ते ११ महिन्यांचे बेणे शोधतो. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा पायऱ्यांनी आलेले बेणे मागतो. ते कोणत्या मळ्यातले, हे विचारतो. काणी किंवा गवताळ वाढ असलेल्या प्लॉटमधले बेणे फुकट दिले तरी घेत नाही, कारण बेण्याबरोबर रोग येतो हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. पण दारात मोटारसायकलवर पिल्ले विकणारा आला, की लाल, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्ले पोरांच्या हट्टाखातर पाटीभर घेतो. ती कुठल्या केंद्रातली, लस टोचलेली की नाही, हे कोणी विचारीत नाही. अशी पिल्ले पुष्कळदा अंडी देणाऱ्या जातींतले नर असतात. उबवणी केंद्रवाल्यांना ती नकोच असतात. आपण मात्र 'गावठी' म्हणून घेतो आणि पुढे अंड्यांची वाट बघत बसतो.

पिल्ले घ्यायचीच तर ठिकाण माहीत असलेली घ्यावीत. पशुसंवर्धन खात्याची अंडी उबवणी केंद्रे कोल्हापूर, पुणे येथे आहेत. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केली तर पिल्ले केव्हा व कशी मिळतील ते कळते. ज्याच्या खुराड्यात वर्षभर मर आलेली नाही असा शेजारी हेही चांगले ठिकाण आहे.

आता जातीविषयी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेल्या वनराज व ग्रामप्रिया, तसेच बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, या जाती परसासाठीच तयार केलेल्या आहेत. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठेक अंडी देते. या त्यापेक्षा बऱ्याच जास्त देतात. पण येथे आपण ऊसवाले एक चूक हमखास करतो. उसाची कांडी लावली की तोच ऊस उगवतो. को ८६०३२ लावला तर को ८६०३२ च येतो. कोंबडीचे तसे नाही. या सुधारित जाती संकरातून आलेल्या असतात. घरच्या घरी त्यांची पिल्ले काढली तर आईबापांचे गुण पुढे तसेच उतरत नाहीत. एक पिल्लू बरे, तर दुसरे खुरटे निघते. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे रवणालाही बसत नाहीत. तेव्हा अंडी व मांस हवे असेल तर सुधारित पिल्ले दर खेपेला केंद्रातूनच आणावीत. ज्याला घरी पैदास करण्याची हौस आहे त्याने निवडक गावठी पाखरे ठेवावीत.

पैदाशीतही बेण्याचाच नियम लागू आहे. जी कोंबडी जास्त अंडी देते, रवण सोडून उठत नाही आणि घार दिसताच पिल्ले पंखाखाली घेते, तिचीच अंडी ठेवावीत. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, धुतलेली नसावीत आणि एका कोंबडीखाली दहा-बारांपेक्षा जास्त नसावीत. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडावर धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले नाही तर ते वांझ समजून काढून घ्यावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, पण तो दरवर्षी बदलावा. घरचाच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला तर बापलेकींची आणि बहीणभावांची जोडी लागते, अंडी कमी फुटतात आणि पिल्ले अशक्त होतात.

बाहेरून आणलेले पाखरू, मग ते पाहुण्यांनी दिलेले का असेना, दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. त्याचे दाणापाणी वेगळे असावे आणि आधी घरच्या कोंबड्यांचे बघून मगच त्याच्याकडे जावे. जुने डालगे आणि परसाचा एक कोपरा एवढ्यावर हे भागते. मावशींनी एवढे केले असते तर दोन तलंगा गेल्या असत्या, पस्तीस पाखरे वाचली असती.

खरा उपाय लसीचा. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. चौथ्या आठवड्यात तीच लस पुन्हा देतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचतात. ही लस महाग नाही. मग ती कोणी का देत नाही? कारण बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांचा मालक म्हणतो, एवढ्याशा पाखरांसाठी बाटली कोण फोडणार? आणि त्याच्या शेजारचा, त्याच्या पलीकडचाही हेच म्हणतो.

सभासदांनो, ही अडचण आपल्याला नवी आहे का? चार एकरांच्या उसावर एकट्याला कारखाना काढता येत नाही, म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी शेअर्स भरले. वस्तीवरच्या दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. पशुवैद्यकीय डॉक्टरांना आधी सांगावे, लस बर्फाच्या थर्मासमधून आणावी आणि पहाटे खुराडी उघडण्याआधी सगळ्यांच्या निरोगी कोंबड्यांना एकदम द्यावी. एकाने दिली आणि नऊजणांनी दिली नाही तर रोग वस्तीवर राहतोच. मला विचाराल तर, साखर कारखान्याइतकाच हाही सहकार आहे. फक्त तो लहान आहे आणि त्याचा पुढाकार भगिनींनीच घ्यायला हवा, कारण अंड्यांचे पैसे बहुधा त्यांच्याच हाती असतात.

मेलेली कोंबडी उसाच्या सरीत किंवा पाटात टाकू नये. कुत्री ती दुसऱ्या वस्तीवर नेतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एकाएकी बरीच पाखरे मेली तर लपवू नये, दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला होता, हे विसरून चालणार नाही.

शेवटी एक इशारा. कोंबड्या जरूर पाळा, पण हौस म्हणून आणि घरखर्चाला हातभार म्हणून. २०१९ साली सांगली भागात कडकनाथचे काय झाले ते आपण पाहिले. पैसे भरा, पिल्ले घ्या, अंडी-पक्षी आम्ही चढ्या भावाने परत घेतो, अशी बोली होती. लोकांनी कर्ज काढून पैसे भरले आणि ते अडकले. त्यात झाबुआच्या त्या काळ्या कोंबडीचा काहीच दोष नव्हता. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दोष होता तो न पारखता घेण्याचा. सोसायटीचे कर्ज उसासाठी आहे, ते खुराड्यात घालू नये. दहा-पंधरा पाखरे, घरच्या कण्या, उकिरड्यावरचे किडे आणि नांगरटीत वर आलेली हुमणी, एवढ्यावर ही हौस उत्तम चालते.

त्या मावशींनी आता पुन्हा सहा पाखरे आणली आहेत. परवा गेलो तेव्हा ती परसाच्या कोपऱ्यात डालग्याखाली वेगळी होती. त्या म्हणाल्या, "अजून आठ दिस हायेत, मग सोडीन." आपणही एवढा धीर धरावा, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी