तिच्या मृत्यूची नोंद कोण घेणार?

लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपल नावाची दरिद्री वस्ती होती. १८८८ सालच्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत तिथे आणि आसपास पाच स्त्रियांचे खून झाले. मारेकरी सापडला नाही. ‘जॅक द रिपर’ या टोपणनावाने तो मात्र अजरामर झाला. त्याच्यावर पुस्तके निघाली, चित्रपट आले, पर्यटकांच्या सहलीसुद्धा निघतात. त्याचे खरे नाव काय, हा प्रश्न मला फारसा छळत नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. पाचही मृतदेह डॉक्टरांनी तपासले, त्यांच्या साक्षी झाल्या. तरीही हाती काही का लागले नाही?

‘तेव्हा विज्ञान कुठे होते?’ असे उत्तर ठरलेले आहे. ते खोटे नाही. रक्तगटांचा शोध आणि डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या हे सांगणारी चाचणी, या गोष्टी १९०० - १९०१ च्या सुमाराच्या. बोटांच्या ठशांचे कार्यालय स्कॉटलंड यार्डने १९०१ साली उघडले. आपल्या कोलकात्यात ते १८९७ सालीच सुरू झाले होते. पण हे उत्तर अर्धेच आहे.

पहिली मेरी अ‍ॅन निकोल्स. डॉक्टरांनी जागेवर मृत्यू झाल्याचे सांगितले आणि देह हलवायला लावला. तिच्या पोटावरचे वार लक्षात आले ते नंतर, शवागारात, आणि तेही एका पोलीस निरीक्षकाच्या. पुढे गरीबखान्यातल्या दोघांनी तिचे कपडे उतरवून देह धुऊनही टाकला. दुसरी अ‍ॅनी चॅपमन. तिचाही देह डॉक्टर शवविच्छेदनाला येण्याआधीच धुतला गेला होता. या भागाला धड शवागार नाही, अशी तक्रार मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने भर चौकशीत केली. म्हणजे त्या काळातल्या विज्ञानाला जे दिसू शकले असते, तेही पाण्याबरोबर वाहून गेले.

डॉक्टरांचे आपसातही जमले नाही. डॉ. फिलिप्स यांनी चॅपमनला सकाळी साडेसहाला पाहिले आणि मृत्यू होऊन किमान दोन तास झाले असावेत, असे सांगितले. एका साक्षीदार बाईने मात्र तिला साडेपाचला जिवंत पाहिल्याचे शपथेवर सांगितले. चौथ्या खुनानंतर डॉ. ब्राऊन म्हणाले, मारेकऱ्याला शरीरातल्या अवयवांच्या जागा चांगल्या ठाऊक आहेत. पाचव्या खुनानंतर डॉ. बाँड यांनी लिहिले, त्याला खाटकाइतकेही ज्ञान नाही. त्या पाचव्या खुनाची कॉरोनरची चौकशी एका दिवसात आटोपली. बाँड यांचे शवविच्छेदनाचे कागद दप्तरातून नाहीसे झाले आणि १९८७ साली निनावी टपालाने परत आले!

माझी सारी नोकरी बँकेत झाली. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडते. व्यवहार झाला त्या वेळी नोंद झाली नाही, तर नंतर कितीही हुशार तपासनीस आणा, हिशेब जुळवता येतो, खरा करता येत नाही. पुराव्याचे तेच. एका जुन्या शालीवरच्या डागांतून मारेकरी सापडल्याची बातमी २०१४ साली जगभर गाजली. पण ती शाल मृत स्त्रीजवळ असल्याची नोंद पोलिसांच्या तेव्हाच्या यादीत नाही. मधल्या काळात ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, याचा हिशेब नाही. शिवाय तपासलेला डीएनए आईकडून मुलांना मिळणाऱ्या प्रकारचा, म्हणजे असंख्य लोकांत सारखाच असू शकणारा. प्रयोगशाळा अद्ययावत, पण मुद्देमालाची साखळीच तुटलेली.

त्या देहांनी आणखी एक साक्ष दिली होती, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. चॅपमनच्या फुप्फुसांना आणि मेंदूच्या आवरणाला जुना आजार होता, ती उपासमारीने खंगलेली होती, असे डॉ. फिलिप्स यांनी सांगितले. इतिहासकार हॅली रूबनहोल्ड यांनी २०१९ साली मांडले की, पाचपैकी तिघी शरीरविक्रय करीत होत्या याला पुरावाच नाही. बाई गरीब, बेघर, रात्री रस्त्यावर. एवढ्यावरून समाजाने तिला ‘तसली’ ठरवले. एकदा तसे ठरले की तिच्या देहाची निगा राखण्याची घाई कोणाला?

आपल्याकडेही बेवारस देहाचे काय होते, हे एका गाजलेल्या खटल्यात दिसले. १९५६ साली पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवेला त्यांचे डॉक्टर अनंत लागू यांनी रात्रीच्या गाडीने मुंबईला नेले. इस्पितळात त्यांचे नावच खोटे नोंदवले गेले. त्या दगावल्या, देह बेवारस राहिला, शवविच्छेदन बऱ्याच दिवसांनी झाले आणि विष सापडले नाही. तरीही १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. नातलग आणि परिचित विचारत राहिले. डॉक्टरांची बनावट पत्रे, हडपलेली मालमत्ता, खोटे नाव, असा एकेक दुवा जुळत गेला. वैद्यकाला जे सांगता आले नाही, ते कागदांनी सांगितले.

लक्ष्मीबाईंना विचारणारी माणसे होती. ज्या बाईला विचारणारे कोणी नाही, तिचे काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याचे बंधन घातले आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. आमच्या नाशकात पोलीस अकादमी आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, न्यायसहायक प्रयोगशाळाही आहे. साधनांची सबब आता फार दिवस चालणार नाही.

कसोटी लागेल ती एखाद्या पहाटे, पुलाखाली अनोळखी बाई मृत सापडेल तेव्हा. तिची ओळख पटण्याआधी आणि ती ‘कोण’ होती याची कुजबुज सुरू होण्याआधी, तिच्या कपड्यांची यादी, देहाची छायाचित्रे आणि मुद्देमालाचे सील नीट झाले पाहिजे. आमदाराच्या घरात खून झाला तर जसे होईल, अगदी तसेच.