कडी लावण्याआधी

दिवाळीचे चार दिवस घराचं दार बहुतेक उघडंच असतं. शेजारी फराळाची ताटं घेऊन येतात, पोरं फटाक्यांसाठी पळत सुटतात. या गडबडीत डिमेन्शिया झालेले आजोबा जिना उतरून गेले, तर बराच वेळ कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून ऐन सणात थोडा खुपणारा विषय आम्ही यंदा निवडला आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. तेव्हा विषय दूरचा नाही.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक हत्ती पाहून गाडीतून उतरतात आणि त्याच्यामागे चालू लागतात. घरच्यांच्या लेखी ते हरवले; त्यांच्या लेखी मात्र ते हत्तीकडे निघालेले असतात.

भटकण्यामागे बहुधा काहीतरी कारण असतं. दुपार कलली की ‘डबा द्या, पाळीला जायचंय’ म्हणत शर्ट चढवणारा जुना गिरणी कामगार आणि रात्री दोनला एकेक दार ढकलून पाहणाऱ्या आजी, दोघांना एकच कुलूप लावून कसं चालेल? आजींना कदाचित संडास सापडत नसेल. तिथला दिवा रात्रभर चालू ठेवून पाहावा. येरझारा एकाएकी वाढल्या, तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणारा गुडघा किंवा नवं औषध यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांना विचारावं.

मिशिगन विद्यापीठाच्या डोना अल्गेस यांनी अशा भटकण्याची मोजदाद करणारी प्रश्नावली तयार केली. सतत चालत राहणं, वाट चुकणं आणि घरातून निसटणं यांचा तीत वेगवेगळा विचार आहे. घरी साधी वही पुरते: किती वाजता उठले, त्याआधी काय चाललं होतं, काय म्हणत होते, कशाने शांत झाले. आठवडाभराच्या नोंदींतून पुष्कळदा वेळ तरी कळते, आणि मग त्याच वेळी कोणीतरी हात धरून त्यांना फिरवून आणू शकतं.

कडीला आमचा सरसकट विरोध नाही. रात्रंदिवस राखण करणाऱ्या सुनेला उपदेश करणं सोपं असतं. राग आहे तो लपवाछपवीचा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून वॉचमनलासुद्धा सांगायचं नाही, आणि माणूस दिसेनासा झाला की गावभर धावायचं! वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, रिक्षा स्टँडवर आजच सांगून ठेवा. खिशात नाव आणि फोन नंबर ठेवा, मोबाइलमध्ये ताजा फोटो. दिसले नाहीत, तर गच्ची, जिन्याखालची जागा, आसपासच्या गल्ल्या आधी पाहा. पोलिसांना कळवायला चोवीस तास थांबू नका. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.