बोली आमची, परिषद कुणाची?



भाषापंडितांच्या परिषदा भरतात, आमच्या बोलींवर निबंध वाचले जातात. खुशाल वाचा! पण ज्याच्या तोंडचे शब्द टिपले त्यालाच सभेचं बोलावणं नाही, हे कसं?

ग्रिअर्सन साहेबाने १९०५ साली मराठीचा खंड काढला. उधळ्या पोराची एकच गोष्ट बोलीबोलीत उतरवून घेतली. कष्ट मोठे, नाही म्हणत नाही. पण खानदेशी नेऊन ठेवली भिलीच्या खंडात!

तो साहेब परका. १९६० ला राज्य आपलं झालं. सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने डॉ. घाटगे यांची बोलींची पाहणी छापली. त्यात कुडाळी आली, १९६६ साली महाडच्या कुणब्यांची बोली आली. याच मुलखातली माणसे मुंबईत साच्यावर उभी राहिली, १९५५-५६ ला त्यांनी लाठ्या-गोळ्या झेलल्या. आणि पुस्तक कशात? इंग्रजीत! आपल्या आजीचं बोलणं वाचायला कुणब्याने आधी इंग्रजी शिकावं होय?

मालवणचा गडी 'धोटो' म्हणायचा, साताऱ्याचा 'धोटा'. त्यावरून साचा कधी बंद पडला नाही. आमच्या बोलींत भांडण नाही, आणि त्यावरून मराठीचे तुकडे पाडू पाहणाऱ्याला आम्ही ओळखून आहोत.

आमचं मागणं एवढंच. परिषद लालबाग-परळला भरवा, सुट्टीच्या दिवशी, मराठीत. बोलणाऱ्यांना पुढे बसवा. आणि छापाल ते मराठीत छापा, आमच्या खिशाला परवडेल अशा किमतीत.